आखाजीची मॅटाडोर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



चिटणीसांनी मला सांगितलं, "तुझ्या त्या गाडीवर बोल. तांत्रिक बोल, पण लोक उठून जाणार नाहीत असं बोल." मी डिप्लोमावाला माणूस. सुरतेला मजुरा गेटच्या गांधी कॉलेजातून मेकॅनिकल केलं आणि सिंचन खात्यात लागलो. काकरापारच्या डाव्या कालव्यावरचे लोखंडी दरवाजे उघडतात की नाही, गंजतात किती, ते बघणं हे माझं काम. भाषणं आमचे साहेब करतात. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

दीड वर्ष आमच्या दारात ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी मला विचारलं असेल, की हे भंगार कधी काढणार? उरलेल्या निम्म्यांनी बायकोला विचारलं. आज त्या भंगाराचीच गोष्ट सांगतो.

इथे पन्नाशीच्या पुढचे जे खान्देशातले लोक बसलेत त्यांना आठवत असेल. आपल्या साक्रीकडे रेल्वे नाही. तापी व्हॅलीची गाडी पकडून नंदुरबारला उतरा, मग एसटीसाठी ताटकळत बसा. म्हणून आखाजीला गल्लीतली पाच-सहा घरं मिळून मॅटाडोर भाड्याने करत. आत माणसं किती होती ते मोजायचं नाही. पोरं इंजिनच्या टोपणावर गोधडी टाकून बसायची, बूड भाजायचं, तरी तीच जागा पाहिजे असायची. टपावर पेट्या, सुनांच्या माहेरच्या पिशव्या, एखादी सायकल. बाजीपुरा, व्यारा, सोनगढ, उच्छल, नवापूर, मग विसरवाडी आणि कोंडाईबारीचा घाट. घाट लागला की बायकांची गौराईची गाणी थांबायची, कारण निम्म्या जणींना ओकारी यायची. आमचे नाना पुढे ड्रायव्हरशेजारी. ते फिटर होते, ड्रायव्हरला गिअर कधी बदलायचा तेही सांगायचे.

त्याच नानांना २०२१ साली अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा वाचली, बुद्धी शाबूत राहिली, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही. पाठ धरते, तोल जातो. शिवाय लघवीला दर तासाला लागते, हे इथे बोलू का नको असं वाटत होतं, पण ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना समजेल. कारने नेता येईना. अँब्युलन्स ठरवतो म्हटलं तर नाना चिडले. म्हणाले, "अँब्युलन्समा घालीसन माले गावले नको लई जाऊ. लोके रडाले येतीन."

म्हणजे पाहिजे होती एक अशी गाडी, की जिच्यात माणूस आडवा पडेल, खिडकीतून रस्ता बघेल, आणि जी दारात थांबली की लोक घाबरणार नाहीत.

मी त्यांना बाबा आमट्यांची आठवण दिली. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नव्हतं. तरी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे ते भारत जोडो घेऊन निघाले, आणि १९८८ साली इटानगरहून आपल्या गुजरातेतल्या ओख्याकडे. पोरं सायकलवर आणि बाबा गाडीत पलंगावर. नाना म्हणाले, "ते बाबा आमटे. मी कोण?" पण नाही म्हणाले नाहीत. आमच्याकडे यालाच होकार म्हणतात.

मॅटाडोरच का, तेही सांगतो. परदेशात फिरतं घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फोक्सवॅगनची ती गोल तोंडाची गाडी येते. जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ साली तिच्यात बसवायला पलंग-कपाटाची पेटी काढली आणि तिथून ते वेड पसरलं. आपल्याकडे त्या गाड्या संस्थानिकांपाशी आणि हौशी लोकांपाशी. आपली खरी घरची व्हॅन मॅटाडोर. तीही मूळची जर्मन घराण्यातली, पण वाढली पुण्याजवळ आकुर्डीला. हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव होतं टेम्पो. नगरच्या नवलमल फिरोदियांनी त्या कंपनीशी करार करून १९५८ च्या सुमारास इकडे तीन चाकी टेम्पो आणला. आज आपण कुठल्याही मालगाडीला "टेम्पो बोलवा" म्हणतो, तो शब्द म्हणजे त्या कंपनीचं नाव आहे. बजाज टेम्पोचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण आपल्या तोंडातला टेम्पो काही गेला नाही. आणखी एक गंमत. नवलमलजींचे वडील कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे सभापती होते. त्या वेळी आपली बारडोलीही मुंबई इलाख्यातच होती. म्हणजे त्या घराण्याचा आणि आपला संबंध गाडीच्याही आधीचा.

मला मॅटाडोर पाहिजे होती त्याचं तांत्रिक कारण वेगळं. तिची पुढची चाकं गाडी ओढतात. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा खालून नाही, त्यामुळे आतला तळ खाली आणि सपाट. दोन माणसांनी धरलं तर नानांना एका पायरीत आत घेता येणार होतं. नव्या उंच गाड्यांत ते जमलं नसतं.

२०२२ च्या दिवाळीत व्याऱ्याकडे एका शेतकऱ्याच्या खळ्यात १९९२ ची गाडी मिळाली. आत कोंबड्या राहत होत्या. लोक विचारतात, लहानपणीची तीच का? नाही हो. ती केव्हाच वितळून तिच्या सळया झाल्या असतील. पंचावन्न हजार दिले. सरकारी नोकर असल्यामुळे ऑफिसात रीतसर कळवलं. साहेबांनी कागद वाचून विचारलं, "यात कोंबड्या धरल्या आहेत का?"

आणि ही व्हिंटेज वगैरे नाही बरं का. चिटणीसांनी फलकावर तसं लिहिलंय, ते पुसावं. २०२१ च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी. तिच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात आणि ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली असल्या कामालाच काढायची. माझी नुसती म्हातारी.

जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्याने खिशात लोहचुंबक न्यावा. फ्रिजवर लावतो तसला चालतो. पत्र्यावरून फिरवत जायचं. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. माझ्या गाडीच्या चाकांवरच्या कमानीला चुंबक चिकटेचना. मी ते बघूनही गाडी घेतली, कारण गंज हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. घरी आणून लांबी खरवडली तर आत वर्तमानपत्र, त्याखाली डांबर, त्याखाली परत लांबी. तीन मालकांनी तीन वेळा गंज झाकला होता, आणि झाकलेला गंज उघड्या गंजापेक्षा लवकर खातो, कारण पाणी आत शिरतं आणि सुकत नाही. कालव्याच्या दरवाजालाही आम्ही हेच बघतो. वरून चकचकीत रंग आणि खालच्या रबरापाशी पापुद्रे.

पहिले चार महिने मी काही बसवलं नाही, फक्त काढलं. रबरी चटया, त्याखालचा कुजलेला नमदा, सीटा, खिडक्यांची रबरं. गंजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचा. इथे हात आखडता घेतला की दोन पावसाळ्यांत कडेने परत फुटतो. ड्रायव्हरच्या पायाखाली हातभर भोक झालं. शेजारच्या काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "यातून तर जमीन दिसते." पातळ पत्र्याला साधं आर्क वेल्डिंग चालत नाही, जळून भोक पडतं. सीओटूचं मशीन भाड्याने आणलं. तेही एका जागी सलग मारायचं नाही, इकडे एक टाका, तिकडे एक टाका, पत्रा गार होऊ द्यायचा, नाहीतर तो पापडासारखा वाकडा होतो.

आणि मी एकदा आग लावली. डाव्या कमानीला टाके मारत होतो, आतल्या बाजूचा जुना नमदा काढायचा राहिला होता. धूर दिसला तोवर ज्वाळ. मुलीने वाळूची बादली ओतली. ती बादली मीच ठेवली होती हे खरं, पण भरून तिने ठेवली होती. तो काळा डाग मी आतून रंगवलेला नाही. आईने त्यानंतर आठवडाभर मला गाडीला हात लावू दिला नाही.

पत्रा झाल्यावर तारेचा ब्रश, गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण, धुऊन कोरडं, मग जस्ताचा प्रायमर. हे आमचं दरवाजांचं शास्त्र. तळातली पाणी जायची भोकं मोकळी ठेवली. वरचा रंग आरसीत लिहिलाय तोच, पांढरा. लहानपणीच्या गाडीसारखा निळा पट्टा मारायचं मनात होतं, पण आरसी पुस्तकाशी खेळ नको म्हटलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तरुण मंडळी मोबाइलवर व्हिडिओ बघून छत कापायला निघतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतल्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. म्हणून मी सीटांची संख्या तशीच ठेवली. आधीसारखीच समोरासमोरची दोन लांब बाकं बसवली. मधल्या जागेत एक फळी टाकली की पलंग होतो, काढली की बाकं. फळीला खिळा नाही, बोल्ट नाही. हे आधी आरटीओत जाऊन दाखवलं, मग केलं. पंधरा वर्षांवरच्या कारच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, तेही भरलं, उशिराचा दंडही भरला. गंमत अशी की त्याच सुमारास, १ एप्रिल २०२३ ला, पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली. आमच्या ऑफिसची जीप गेली भंगारात. आणि तिच्यातून फिरणाऱ्या माणसाची एकतीस वर्षांची मॅटाडोर घरी बाळंतिणीसारखी जपली जात होती.

आता इंजिन. डिझेल, मर्सिडीजच्या बनावटीचं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी त्रास त्याने दिला. पट्टे, होज, हीटर प्लग, रेडिएटरचं रॉडिंग, एवढ्यावर सुरू झालं. ब्रेकची रबरं, व्हील सिलिंडर सगळं नवं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते तेल म्हणजे गंजाचा काढा. आधी ब्रेक, मग इंजिन, हा क्रम मी सोडला नाही. जी गाडी थांबत नाही ती सुरू कशाला करायची? आणि टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. माझ्या टायरांवर नक्षी छान होती आणि साल होतं ०९. काढून टाकले.

२०२४ च्या फेब्रुवारीत चाचणीला व्याऱ्यापर्यंत गेलो. पंधरा किलोमीटर झाले की गाडी बंद. दहा मिनिटं उभी केली की आपोआप सुरू. परत पंधरा किलोमीटर. फिल्टर बदलला. नोझल काढून सुरतेला एका दुकानात दिले, त्यांनी पंपही खराब आहे म्हणून सांगितलं, नऊ हजार घेतले. गाडी तशीच. तिसऱ्या वेळी दोरीला बांधून ट्रॅक्टरने घरी आणली तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. आखाजी १० मे ला, त्याआधी ७ तारखेला आपल्याकडे लोकसभेचं मतदान, माझी निवडणुकीची ड्यूटी लागलेली. नानांनी वर्षभरात गावाचं नाव काढलं नव्हतं, पण कॅलेंडर त्यांच्या खाटेजवळ लावलेलं होतं.

त्या संध्याकाळी ओट्यावर खाटेवरून त्यांनी विचारलं, "बंद पडल्यावर काही न करता सुरू होते ना?" हो म्हटलं. "मग इंजिनला कशाला छळतो? टाकी बघ."

टाकी उतरवली. आत गंजाचे पापुद्रे. इंजिन तेल ओढायला लागलं की ते पापुद्रे नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटत, बंद झालं की खाली बसत. डोळ्यांनी दिसणारी गोष्ट, मी वीस वर्षं गंज बघणारा माणूस, आणि मला सुचली नाही. टाकीत सायकलची साखळी आणि थोडं डिझेल घालून दोन दिवस हलवली. मुलगी, तिच्या मैत्रिणी, शेजारचे काका, ज्याला वेळ मिळेल त्याने. नाना खाटेवरून मोजत होते. टाकी तीन वेळा धुतल्यावर स्वच्छ तेल आलं. त्यानंतर गाडी आजपर्यंत बंद पडलेली नाही, आणि ते मला ऐकवायचं सोडत नाहीत.

आतली मांडणी साधी आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याचं छत तव्यासारखं होतं, म्हणून छताखाली उष्णता अडवणारा थर, पण पत्रा आणि प्लायच्या मध्ये बोटभर मोकळी जागा. नाहीतर पावसाळ्यात आत घाम धरतो आणि मी मारलेला सगळा प्रायमर वाया. प्लाय बाराचा, आयएस ७१० चा, म्हणजे ओलावा सोसणारा. पंख्यासाठी वेगळी बॅटरी, म्हणजे रात्री पंखा चालला तरी सकाळी स्टार्टरला ताकद राहते. हिशोब असा की पंखा ताशी दोन अँपिअर खातो, आठ तासांचे सोळा झाले, आणि ऐंशीच्या बॅटरीतून चाळीसच्या वर काढायचे नाहीत. गॅसची टाकी आत ठेवत नाही. स्टोव्ह आहे, तो खाली उतरवून दूर पेटवतो. पलंगाच्या पायथ्याशी मेडिकलमधली कमोड खुर्ची, तिला पडदा. तो पडदा आईने जुन्या नऊवारीचा शिवलाय. पुढच्या बाकाखालच्या खणात औषधं, चादरी आणि पत्त्यांचा कॅट. इंजिनच्या टोपणाला आतून काचलोकर आणि ॲल्युमिनियम लावलं, तरी ते गरम होतंच. त्याच्यावर मुलगी गोधडी टाकून बसते.

९ मे ला पहाटे चारला निघालो. मी, आई, बायको, मुलगी आणि नाना. ताशी पंचेचाळीसच्या वर मी नेली नाही. सोनगढला उजाडलं. नवापूरला सीमेवर निवडणुकीचं तपासणी पथक. तिकडे नंदुरबार मतदारसंघाचं मतदान १३ तारखेला होतं. पांढरी जुनी मॅटाडोर, पडदे लावलेले, गुजरातचा नंबर. त्यांच्या जागी मी असतो तर मीही थांबवली असती. कॅमेरा घेऊन दोघं मागे आले, दार उघडलं. आत नाना पलंगावर, डोक्याखाली दोन उशा. अधिकाऱ्याने विचारलं, "आजोबा, काय घेऊन चाललात?" नाना म्हणाले, "सांजोऱ्या." डबा उघडून दाखवला. माझं ओळखपत्र बघून तो म्हणाला, "तुमची पण ड्यूटी झाली का?" दोन सरकारी नोकर पाच मिनिटं भत्त्यावर बोललो.

कोंडाईबारीला दुसऱ्या गिअरमध्ये चढली. मागून आवाज आला, "आता तिसरा टाक." मी टाकला नाही. वळण पुढे होतं. परत आवाज आला. शेवटी टाकला आणि गाडी कण्हायला लागली, परत दुसरा टाकावा लागला. ते काही बोलले नाहीत.

गावात घरासमोरच्या निंबाखाली गाडी लावली आणि मागची दोन्ही दारं उघडून ठेवली. लोक आले. रडायला कुणी आलं नाही. पहिल्यांदा सगळ्यांनी गाडीच बघितली, पंखा लावून बघितला, फळी काढून बघितली, मग नानांच्या पायाशी बाकावर बसले ते दुपारपर्यंत. घरात पलंग घातला होता, तरी नाना दोन्ही रात्री गाडीतच झोपले. आखाजीच्या दिवशी आमरस दोन वाट्या खाल्ला, जो डॉक्टरांनी अर्धी वाटी सांगितला होता. गल्लीतल्या पोरी झोक्यावरून उठून गाडीत येऊन गाणी म्हणत होत्या. ११ तारखेला परतलो.

खर्च किती, हे सगळे विचारतात. गाडीसकट तीन लाखांच्या थोडा वर, त्यात नऊ हजार शिकवणी. यापेक्षा कमी पैशात तुम्हाला त्याच दोन दिवसांसाठी चांगली गाडी भाड्याने मिळेल, हेही सांगतो. गाडी अजून पूर्ण झालेली नाही. उजव्या दाराच्या खालून पुन्हा बारीक गंज दिसू लागलाय, पावसाळा संपला की उघडणार आहे. ज्याला शिकायचं असेल त्याने रविवारी यावं, जुने कपडे घालून.

गाडी आज मंडपाच्या मागे लावली आहे. कार्यक्रम संपल्यावर खुशाल बघा. टपाच्या शिडीवर मुलांनी चढू नये, तिची एक पायरी ढिली आहे. मागच्या दाराची कडी डावीकडे फिरते. आणि उघडण्याआधी टकटक करा, नाना आत पडून लाउडस्पीकरवर हे सगळं ऐकतायत.